मानेवरचा मळ

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आई माझी मान घासायची. आधी तेल, मग उटणं आणि मग मानेच्या मागच्या बाजूला खास वेगळा कार्यक्रम. बेसनात लिंबू पिळून केलेला लेप, आणि तो घासायला नारळाची शेंडी. बाहेर अंधार, गल्लीत कुणीतरी पहिला सुतळी बॉम्ब लावलेला आणि आत न्हाणीघरात मी पाटावर उकिडवी बसलेली.

"एवढी घोडी झालीस, मान धुता येत नाही तुला?"

मी तेव्हा १४-१५ वर्षांची होते. मान लाल व्हायची, झोंबायची आणि काळी ती काळीच राहायची. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या होत्या. वेण्या घातल्या की मान उघडी पडते, म्हणून मी मागच्या बाकावर बसायला लागले. अभ्यासात बरी असलेली मुलगी मागे का बसते, असं बाईंनी एकदा विचारलंही. "पुढून फळा चमकतो," असं काहीतरी मी सांगितलं.

पुढे पुण्यात एम.ए. करत असताना, २१व्या वर्षी, चार महिने पाळी आली नाही म्हणून एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाव-गाव लिहून घेता घेता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही मान कधीपासून अशी आहे?"

मी म्हणाले, "मॅडम, मी रोज धुते."

मला काय विचारलंय हे कळायच्या आत तोंडातून हेच बाहेर पडलं. पाळीबद्दल सांगायला आलेली मी, आणि पहिलं वाक्य सफाई देणारं. त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हा मळ नाहीये. रक्तात इन्शुलिन जास्त असलं की त्वचा अशी जाड आणि काळपट होते. घासू नका, उगाच सोलून निघेल."

सात वर्षं आम्ही दोघी मायलेकी इन्शुलिन घासत होतो.

*

आजाराचं नाव पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आपल्याकडे सरसकट 'पीसीओडी' म्हणतात. हे दोन वेगळे आजार आहेत असं सांगणारे तक्ते मोबाइलवर फिरत असतात, पण दवाखान्यात बहुतेक वेळा दोन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी वापरलेले मी ऐकले आहेत. तुमच्या वर्गात, ऑफिसात, होस्टेलच्या मजल्यावर हे असलेली एखादी तरी मुलगी नक्की असणार. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की मूल होण्याच्या वयातल्या दर १०० बायकांमागे १० ते १३ जणींना हा त्रास असतो.

नावात 'सिस्ट' आहे, म्हणजे गाठ. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तो शब्द वाचून आईनं फोनवर पहिलं विचारलं, "ऑपरेशन करावं लागेल का गं?" प्रत्यक्षात त्या गाठी नसतातच. दर महिन्याला अंडाशयात बीज धरून असलेल्या काही छोट्या पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. इथे ती वाढ अर्ध्यात अडते आणि अर्धवट वाढलेल्या पिशव्या कडेकडेनं साठून राहतात. पडद्यावर त्याच गाठींसारख्या दिसतात. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी असल्या की निदान होतं: पाळी अनियमित, पुरुषी हॉर्मोन जास्त, किंवा अंडाशयं तशी दिसणं. त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशी दुसरी कारणं नाहीत ना, हे तपासायचं. म्हणजे अंडाशयात एकही 'सिस्ट' नसताना हा आजार असू शकतो, आणि नुसत्या 'सिस्ट' दिसल्या म्हणून तो आहेच असंही नाही. नाव दिशाभूल करतं, ते बदला, असं अमेरिकेत एनआयएचनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये सुचवलं होतं. माझ्या फाइलीवर जुनंच नाव आहे.

आत काय चालतं ते मला असं समजलं. साखर पेशींमध्ये शिरावी म्हणून इन्शुलिन दार ठोठावतं. पेशी ऐकेनाशा झाल्या की शरीर आणखी इन्शुलिन सोडतं. त्यामुळे रक्तातली साखर वर्षानुवर्षं नॉर्मल दिसते, पण इन्शुलिनचा पूर आलेला असतो. तो पूर अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतो. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही कमी करतो. मग हनुवटीवर केस येतात, डोक्यावरचे जातात, पाळी रुसते. सगळ्याच जणींच्या बाबतीत इन्शुलिन असा गोंधळ घालतं असं नाही, पण बऱ्याच जणींच्या बाबतीत घालतं. मी त्यातली.

हा धागा फार उशिरा जुळला असं वाटत असेल, तर तसंही नाही. १९२१ मध्ये पॅरिसच्या आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी साखर वाढलेल्या आणि चेहऱ्यावर केस असलेल्या बायकांचं वर्णन केलं होतं. त्या दुखण्याला त्यांनी दिलेलं नाव होतं 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह'. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल यांनी सात बायकांची माहिती छापली. पाळी येत नाही, अंडाशयं मोठी. त्यांनी अंडाशयाची एक फाक कापून काढली, पाळी परत आली, काहींना दिवस राहिले. त्यानंतर कितीतरी वर्षं या आजाराकडे पाळी आणि मूल याच खिडकीतून पाहिलं गेलं. इन्शुलिनचा संबंध प्रयोगशाळेत दिसायला १९८० साल उजाडलं. मला त्या सात बायकांबद्दल कधीतरी कुतूहल वाटतं. त्यांच्या माना कुणी पाहिल्या असतील का?

*

दुसरे डॉक्टर मला भेटले ते आमच्या गावाकडच्या शहरात. त्यांनी रिपोर्ट चाळला, मला वजनकाट्यावर उभं केलं (६८ किलो) आणि आईकडे बघून म्हणाले, "लाइफस्टाइल डिसीज आहे. तोंडावर ताबा ठेवायला सांगा. लग्न झालं की बाकीचं होईल नीट."

'लाइफस्टाइल'. मराठीत जीवनशैली. या शब्दाची मला भीती वाटते. मलेरिया झालेल्या माणसाला कुणी म्हणत नाही की तू डासांशी नीट वागला नाहीस. इथे मात्र आजाराच्या नावातच आरोप आहे. तू जगतेस त्या पद्धतीतच चूक आहे. आणि मी तो आरोप लगेच मान्य केला, कारण लहानपणापासून न्हाणीघरात मी तोच ऐकत आले होते. मान काळी, कारण तू धूत नाहीस. पाळी येत नाही, कारण तू खातेस.

माझी तेव्हाची रूममेट रात्री अकराला मॅगी खायची, त्यावर चीज किसून. तिची पाळी घड्याळासारखी. मी रात्री सातला मुगाची धिरडी खाऊन तिच्या मॅगीचा वास घेत झोपायचे. तिच्यावर मी मनातल्या मनात जो राग धरला, त्याबद्दल तिची माफी मागायला हवी. पण त्या रागात एक प्रश्न दडलेला होता आणि तो मला अजून सोडवत नाही. दोघींपैकी शहाणपणानं वागत होते मी, मग तिला मिळालेलं शरीर हे कशाचं बक्षीस?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला. फोटोत ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानानं दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय लोक बारीक दिसत असतानाही आतून जाड असतो, असं याज्ञिक सांगत आले आहेत. त्यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट-यकृत लहान, पण चरबी मात्र जवळपास राखलेली. आईच्या पोटात अन्न कमी पडतंय म्हटल्यावर बाळाचं शरीर जणू साठवणुकीची सवय लावून घेतं. हा सगळा अभ्यास मधुमेहाचा आहे, माझ्या आजाराचा नाही. पण पेशींनी इन्शुलिनचं न ऐकणं, हे दुखणं दोन्हीकडे आहे.

हे वाचलं आणि मला आजी आठवली. आईची आई. माण तालुक्यातली. आईचा जन्म १९७३ च्या सुरुवातीचा, म्हणजे ती पोटात असताना ७२ चा दुष्काळ चालू होता. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि वाट्याला यायची ती परदेशातून आलेली तांबडी मिलो. "जनावरं खाईनात ती, आम्ही खाल्ली," असं ती सांगायची. आता जीवशास्त्रातली एक साधी गोष्ट बघा. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे ज्या बीजातून मी झाले, ते आजीच्या पोटात, खडी फुटत असताना, तयार झालं.

यातून माझा आजार सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण 'तोंडावर ताबा ठेवा' हे वाक्य कुणाला उद्देशून म्हणायचं, याबद्दल माझा गोंधळ तेव्हापासून वाढला आहे.

*

मग माझी काहीच जबाबदारी नाही का? असं म्हणून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. काही महिने झालेही. दुष्काळानं केलं, सरकारनं केलं, जनुकांनी केलं, असं म्हणत गोळ्या बंद केल्या. दोष माझा नाही, तर गोळी मी का खाऊ?

पाच महिने पाळी आली नाही, आणि आली ती २३ दिवस थांबली नाही. पहिल्या डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. पाळी न येणं म्हणजे सुटका नव्हे. गर्भाशयाचं अस्तर आत जाड होत राहतं, वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून निदान दर तीन महिन्यांनी तरी रक्तस्राव व्हायला हवा, गरज पडली तर गोळ्यांनी. मूल हवं असो वा नसो, लग्न होवो न होवो. मला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी मुलाबद्दल सांगितलं होतं.

कॉलेजात 'दोष' आणि 'जबाबदारी' यांवर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की जिथे निवड नाही तिथे दोष नाही, आणि जिथे दोष नाही तिथे जबाबदारी नाही. मार्क चांगले मिळाले. उत्तर चूक होतं. आमच्या गल्लीत नळाला पाणी येत नसे तेव्हा पाइप कुणी फोडला हे कुणालाच माहीत नसायचं, पण हंडा घेऊन टँकरपाशी आम्हालाच जावं लागायचं. माझं शरीर आता मला तसं वाटतं. पाइप कुणी फोडला याचा तपास चालू राहू दे, हंडा भरायचाच आहे.

हंडा भरणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, कारण रीलवर '३० दिवसांत पीसीओडी मुळापासून बरा' असं सांगणारे खूप आहेत. तो मुळापासून बरा होत नाही, आटोक्यात राहतो. रात्रीच्या जेवणानंतर मेटफॉर्मिन. पहिले दोन आठवडे तिनं पोटाचे हाल केले, मग सवय झाली. जेवल्यावर वीस मिनिटं चालणं. आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं, कारण साखर खपवणारी मोठी जागा म्हणजे स्नायू, आणि आपल्याकडे तेच कमी. भात सोडलेला नाही. भाताआधी उसळ आणि कोशिंबीर खाते. कुठलाच एक ठरावीक डाएट या आजारावर दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, हे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटलं आहे. ते वाचून मी किटोवाल्या मैत्रिणीला पाठवलं. वजन ५ ते १० टक्क्यांनी उतरलं तरी पुष्कळांना फरक पडतो. माझं चार किलो उतरलं, पाळी ४० दिवसांवर आली. मग नोकरी बदलली, अडीच किलो परत आलं. वर्षातून एकदा ग्लुकोजचं ते ओकारी आणणारं पाणी पिऊन तपासणी. आणि हनुवटी. तिच्यासाठी पर्समध्ये छोटा चिमटा असतो, ऑफिसच्या वॉशरूममध्ये उजेड चांगला आहे.

चिमट्याबद्दल लिहिताना हात थांबला होता. मेटफॉर्मिनबद्दल लिहिताना थांबला नाही.

*

आता स्थळांकडे येते.

बायोडेटा आईनं आणि मामानं मिळून केला. त्यात माझी उंची दीड इंचानं वाढली, वर्ण 'गोरा' झाला, पगार पुढच्या अप्रायझलनंतरचा लिहिला. रक्तगट आहे, चष्मा 'नाही' असं आहे (लेन्स आहेत). मी विचारलं, "आणि पीसीओएस?"

"तो काय कॅन्सर आहे का सांगायला?" आई म्हणाली. "विचारलं तर सांगू."

कुणी विचारत नाही, हे तिला माहीत होतं.

माझी एक मैत्रीण वकील आहे. तिनं सांगितलं, हिंदू विवाह कायद्याच्या १२व्या कलमात आहे की जोडीदाराबद्दलची महत्त्वाची बाब लपवून, फसवून संमती मिळवली असेल, तर लग्न रद्द करून मागता येतं. महत्त्वाची बाब कुठली, हे शेवटी कोर्ट ठरवणार. पण मला कोर्टाची चिंता नव्हतीच. मला स्वतःला कळत नव्हतं की न सांगणं म्हणजे खोटं बोलणं आहे का.

एम.ए.ला कान्ट होता, त्याच्याबरोबर आलेली एक गोष्ट मनात राहिली होती. १७९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टच्या मारिया फॉन हेर्बर्ट नावाच्या तरुणीनं कान्टला पत्र लिहिलं. तिनं प्रियकरापासून एक गोष्ट बराच काळ लपवली होती. मग न राहवून सांगितली. त्याचं प्रेम आटलं. आता मी काय करू, असं ती ज्या तत्त्वज्ञाचं लिखाण वाचून खरं बोलली त्यालाच विचारत होती. कान्टनं उत्तर दिलं. त्यात त्यानं एक फरक केला: मनातलं सगळं न उघडणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. पहिलं माणसाच्या स्वभावात आहे, कारण सगळं उघडं केलं तर लोक आपल्याला हलकं समजतील अशी भीती प्रत्येकाला असते. दुसरं मात्र अक्षम्य. पुढे याच कान्टनं तिची पत्रं ओळखीच्या एका मुलीला धडा म्हणून वाचायला पाठवली. म्हणजे न उघडण्याची मुभा कुणाला आणि कुणाबद्दल, हे त्यालाही नीट जमलं नव्हतं.

मी सांगायचं ठरवलं. मुलगा इंजिनिअर, बोलायला बरा, ३१ गुण जुळलेले. डेक्कनवरच्या एका कॅफेत भेटलो. दुसरी कॉफी आली तेव्हा मी म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं."

मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बाळ व्हायला प्रॉब्लेम?" मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं: वेळ लागू शकतो, बीज तयार व्हायला गोळ्या असतात, बहुतेक जणींना मूल होतं. तो म्हणाला, "नाही नाही, इट्स ओके. बरं झालं सांगितलंत." घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की त्या दहा मिनिटांत मी तीनदा 'सॉरी' म्हणाले होते. एकदा कॉफी सांडली म्हणून. उरलेले दोन कशाबद्दल होते?

चार दिवसांनी मध्यस्थांचा फोन आला. पत्रिकेत नाडीदोष निघाला म्हणे. आता ३६ गुणांपैकी नाडीचेच ८ असतात. नाडी जुळत नसेल तर जास्तीत जास्त २८ गुण होतील, ३१ होणारच नाहीत. एवढा हिशेब तरी त्यांनी करायला हवा होता.

आई मला रागावेल असं वाटलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी लावत राहिली आणि पाठमोरीच बोलायला लागली. "लग्नानंतर चार वर्षं मला मूल नव्हतं, माहितीये ना? माझीही पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही. नाही आली की घरात सगळे खूश. तुझी आजी मला जड उचलू द्यायची नाही, आंबट आणून ठेवायची. मग एक दिवस यायची. मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. नंतर नंतर मला कुणाच्या डोहाळजेवणाला बोलवेनात. ओटी भरायला पुढे झाले की कुणीतरी म्हणायचं, राहू दे, ती भरेल."

मग म्हणाली, "मला तर नावही माहीत नव्हतं गं सांगायला."

मी आजवर तिच्या लपवण्याला लोकलाज म्हणत होते. ते थोडंफार होतंच. पण तिनं माझी मान घासली ती मला त्या बायकांच्या रांगेतून बाहेर काढण्यासाठी, हे मला त्या रात्री कळलं.

स्थळाला सांगावं की नाही, यावर माझं मत आता असं आहे. ज्याच्याबरोबर राहायचं त्याच्या आयुष्यावर परिणाम होईल असं काही असेल, तर लग्न ठरायच्या आधी त्याला कळलं पाहिजे. तेवढंच त्याचं मलाही कळलं पाहिजे. त्याच्या वडिलांची साखर, त्याचं कर्ज, तो रात्री झोपतो का. मूल न होण्यात पुरुषांचाही मोठा वाटा असतो, पण बायोडेटा घेऊन येणाऱ्या एकाही मुलाला त्याबद्दल अवघडून कॉफी सांडताना मी पाहिलेलं नाही. पहिल्या भेटीत सांगायला मी काही गाडी विकत नाहीये, की आधी डेंट दाखवावा. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दोघांनी. यापलीकडे मला त्या प्रश्नात आता फारसा रस उरलेला नाही.

कारण त्या सगळ्या काळात जिला खरोखर सांगायला हवं होतं, तिला मी सांगितलं नव्हतं.

*

त्याच वर्षी मे महिन्यात मामेभावाचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी मावशीनं तिच्या मुलीला, माझ्या १५ वर्षांच्या मावसबहिणीला, सगळ्यांसमोर मागे वळवलं. "हिची मान बघा. साबण लावायचा कंटाळा." बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, तिलाच हळद लावा जरा. पोरगी केस मोकळे सोडून मान झाकत खोलीत निघून गेली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. आणि मी हातातली हळदीची वाटी पुढच्या बाईला दिली.

माझ्या स्थळांच्या याद्या याच मंडळींच्या हातात होत्या. मी बोलले असते तर 'तुला कसं माहीत?' हा पुढचा प्रश्न होता. कान्टच्या हिशेबात मी खोटं बोलले नाही. कुणी मला काही विचारलंच नव्हतं. ज्यांना हा आजार आहे त्यांच्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो आहे हे ठाऊक नसतं, असा अंदाज मी जागतिक आरोग्य संघटनेच्या पानावर वाचला होता. तेव्हा वाटलं होतं, डॉक्टर नसतील, पैसे नसतील. माझ्या मावसबहिणीच्या घरापासून चांगला दवाखाना दहा मिनिटांवर आहे. तिच्या आणि दवाखान्याच्या मध्ये हातात वाटी घेऊन मी उभी होते.

सहा महिन्यांनी, नाडीदोष निघाल्यावर, मी मावशीला फोन केला. सगळं सांगितलं, माझंही. मावशी आधी गप्प झाली, मग म्हणाली, "आमच्या पोरीला काही नाही झालेलं." तिसऱ्या फोनला तयार झाली. डॉक्टरांनी साखर तपासली, ती काठावर निघाली. सोनोग्राफी नको म्हणाले. पाळी सुरू झाल्यावर आठेक वर्षं अंडाशयं तशीही दिसू शकतात, त्यावरून एवढ्या लहान मुलीला लेबल लावायचं नाही. पाळीची तारीख लिहून ठेवायची, खेळायला सोडायचं, सहा महिन्यांनी दाखवायचं. ती आता कबड्डीला जाते. मावशी मात्र माझ्याशी मोजकंच बोलते. तिचा निरोप आईकडून आला: "तिच्या लग्नाच्या वेळी ताईनं तोंड उघडलं नाही म्हणजे मिळवली." तिचंही मला कळतं.

मावसबहिणीनं मला एकच मेसेज केला होता. "ताई म्हणजे मी घाण नाहीये ना?"

यंदा दिवाळीला घरी गेले. पहाटे आईनं तेल लावलं, उटणं लावलं, मान हळूच पुसली. मग मी म्हटलं, बस, तुला लावते. ती पाटावर बसली. केस वर धरले. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांखाली, मानेच्या मागे, तसाच मखमली काळपट पट्टा होता. किती वर्षं होता कोण जाणे. मी तिच्या मागे कधी उभीच राहिले नव्हते.

भाऊबीज झाल्यावर तिला लॅबमध्ये नेलं. उपाशीपोटी, सकाळी आठला. टेक्निशियन मुलगी सुई लावता लावता म्हणाली, "काकू, काही त्रास होतो का? घरात कुणाला शुगर?"

आईनं सवयीनं "नाही" म्हटलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि पदर सावरून त्या मुलीला म्हणाली, "थांब गं जरा, सांगते."